जुनी बॉक्स्टर की जुनी एमएक्स-५?

दोनच सीटची, टप उघडणारी, वीस वर्षांपलीकडची स्पोर्ट्स कार घ्यायची असं मनात आलं की बहुतेकांची यादी फिरून फिरून दोन नावांवर येते. एक पोर्शेची पहिल्या पिढीची बॉक्स्टर (९८६, १९९६ ते २००४) आणि दुसरी माझदाची दुसऱ्या पिढीची एमएक्स-५ (एनबी, १९९८ ते २००५). माझी यादीही तिथेच येऊन थांबली होती. दोन बॉक्स्टर आणि तीन एमएक्स-५ पाहिल्या, पाचही चालवल्या आणि त्यातली एक घेतली. कुठली घेतली ते पुढे येईलच. पण जी घेतली नाही तीही मला मनापासून आवडली होती, हे आधीच सांगतो. ती न घेण्याचं कारण वेगात किंवा ताकदीत नव्हतं.

चालवण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे बॉक्स्टर सरळ पुढे आहे. तिचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन सीटच्या लगेच मागे बसवलेलं आहे. साडेचार हजार आरपीएमच्या पुढे त्याचा आवाज मानेमागून येतो आणि तो ऐकायला उगीचच एक गिअर खाली यावंसं वाटतं. वळणावर गाडीचं सगळं वजन आपल्या कमरेभोवती फिरतंय असं जाणवतं. लांबच्या प्रवासात ती शांत असते, पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या असतात, आणि माझ्यासारख्या उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागत नाहीत. एमएक्स-५ मध्ये मात्र लागतात. तिथे मी सीटच्या गादीतला फोम थोडा कापून घेतला आहे आणि तरीही चार तास चालवल्यावर पाय मोकळे करायला उतरावं लागतं. हायवेवर टप बंद असला तरी वाऱ्याचा आवाज असतो. शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो.

पण साध्या, अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर एमएक्स-५ जे देते ते मला तरी दुसरीकडे मिळालं नाही. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीवर पडतो. गाडी हलकी आहे, ताकद बेताची आहे, त्यामुळे तिचा सगळा दम वापरायला जिवावर उदार व्हावं लागत नाही. ही गाडी घडवणाऱ्यांनी 'जिनबा इत्ताई' हा शब्द पुढे ठेवला होता, म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. जाहिरातीतला शब्द म्हणून मी तो आधी बाजूला ठेवला होता. तिसऱ्या दिवशी एका रिकाम्या घाटात तो आठवला. एप्रिल २०१६ मध्ये एमएक्स-५ ची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या गाड्या बनल्याचा जुनी गाडी घेणाऱ्याला थेट फायदा होतो. सुटे भाग मिळतात, बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेलेही मिळतात, आणि कुठली गोष्ट कशी खोलायची हे कुणीतरी आधी करून, फोटो काढून ठेवलेलं असतं. बॉक्स्टरचेही भाग मिळतात, कारण तिचा पुढचा बराचसा भाग पोर्शेच्याच त्या काळातल्या ९११ शी, म्हणजे ९९६ पिढीशी, समान आहे. फरक किमतीत पडतो. पंचवीस वर्षांत बॉक्स्टरची स्वतःची किंमत खूप उतरली, तिच्या भागांची उतरली नाही. एमएक्स-५ च्या किमतीत बॉक्स्टर मिळतेय म्हणून खूश होणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

आता त्या बेअरिंगबद्दल. ९८६ घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी त्याची भीती घालतंच. इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या एका टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. वयाने सील गेलं की आतलं ग्रीस इंजिन ऑइलने धुतलं जातं, बेअरिंग झिजतं, आणि ते पुरतं सुटलं तर टायमिंगच्या साखळ्या जागा सोडतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, २००० च्या सुमारास एकेरी ओळीचं आलं, आणि तक्रारी त्याच्याच जास्त आहेत. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मॉडेलांवरून सामूहिक दावाही झाला आणि तडजोडीने मिटला. हे सगळं खरं आहे. तरीही एवढ्या एका कारणावर गाडी सोडून देऊ नये असं मला वाटतं. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्याच वेळी हे बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील दोन्ही बदलून घेता येतं. विकणाऱ्याकडे त्या कामाचा कागद असेल तर निम्मी काळजी मिटली. नसेल तर ऑइल फिल्टर काढून पाहू द्यायला सांगा. या गाडीत तो कागदी घड्यांचा असतो, डब्यातून बाहेर येतो. घड्या पसरून उजेडात धरायच्या आणि त्यावरून चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटणारी चमकदार कुसळं दिसली तर नमस्कार करून निघायचं. काळे किंवा तपकिरी प्लास्टिकचे तुकडे साखळीच्या घसरपट्ट्यांचे असतात. तो धोक्याचा प्रकार वेगळा आणि सावकाश येणारा, पण तोही विचारात घ्यावा.

एमएक्स-५ ला असा इंजिनाचा एकच मोठा घोर नाही. तिचा शत्रू गंज. दारांखालची पत्र्याची पट्टी, म्हणजे सिल, मागच्या चाकांवरच्या कमानी, आणि एनबीच्या बाबतीत चासिसचे पुढचे दोन रेल. हे रेल दुहेरी पत्र्याचे आहेत आणि आतून कुजतात, बाहेरून रंग शाबूत दिसत असतो. मी पाहिलेल्या तीनपैकी एक गाडी एवढी चकचकीत होती की मालकाचा हेवा वाटावा. लिफ्टवर घेऊन पुढच्या रेलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं, तर एका ठिकाणी 'टण्' ऐवजी 'थप्' आला. मालकालाही माहीत नव्हतं, त्याचा चेहरा पडला. ही गोष्ट त्या गाडीची, सगळ्यांची नाही. पण इंजिन बदलता येतं, कुजलेला रेल कापून नवा जोडायचा तर खरोखर चांगला वेल्डर लागतो. या एका मुद्द्यावर बॉक्स्टरचा पत्रा उजवा आहे. तिच्या काळात, तिच्या किमतीला, गंजापासूनचं संरक्षण मन लावून केलेलं दिसतं.

पाण्याचा मात्र दोघींना सारखाच त्रास. टपाखाली साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या दोन्हींना आहेत आणि पानं-माती अडकून त्या तुंबतात. एमएक्स-५ मध्ये त्या सीटच्या मागे दोन कोपऱ्यांत असतात. तुंबल्या की गालिचा ओला होतो आणि सिल आतून कुजायला लागते. बॉक्स्टरमध्ये तुंबल्या तर पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) डब्यापर्यंत पोचू शकतं, आणि मग गाडी सुरूच होत नाही. कुठलीही घ्या, सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून बघा. माझ्या गाडीत पहिल्याच आठवड्यात एका मोरीतून मूठभर काळा चिखल निघाला, त्यात बडीशेपेएवढ्या बिया होत्या आणि त्यातली एक उगवलेली होती. आधीच्या मालकाने तिकडे कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मऊ नळी घालून पाणी सोडतो.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे माझा निर्णय झाला.

दुसरी बॉक्स्टर मला जवळजवळ घ्यायचीच होती. २००१ ची, निळी, फाइलमध्ये सगळी बिलं लावलेली. मालक सज्जन माणूस, काहीही लपवत नव्हता. बोलता बोलता म्हणाला, वरची एक कूलंटची नळी मागच्या वर्षी बदलली. मी म्हटलं, बघू या. तर बघायचं कसं? या गाडीला आपल्या ओळखीचं बॉनेटच नाही. मागची डिकी उघडली की ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं दिसतात, इंजिन नाही. ते पाहायचं तर टप अर्धा उघडून मधेच थांबवायचा, मागचं झाकण वर येऊ द्यायचं, टपाच्या मागच्या कडेचे दोन्ही बाजूंचे दोर सोडवायचे, ती कड वर उचलून पट्ट्याने बांधायची, मग जाड गालिचा काढायचा आणि त्याखालचं पत्र्याचं झाकण. मालकाने हे सगळं आनंदाने केलं, मीही हात लावला. पाऊण तास गेला. झाकण निघालं तेव्हा उजेड उतरला होता आणि टॉर्च घेऊन आम्ही दोघं त्या चौकोनी खड्ड्यात वाकून बघत होतो. नळी खरोखरच नवी होती. इंजिन कोरडं, स्वच्छ होतं. सोडून द्यावं असं त्या गाडीत काहीच नव्हतं.

घरी येताना मात्र ते झाकण डोक्यातून जाईना. इंजिन मधे ठेवलं की गाडी वळणावर जे सुख देते, त्याची ही किंमत आहे, आणि ती अशा मांडणीच्या बहुतेक गाड्यांत कमी-अधिक मोजावीच लागते. स्पार्क प्लग मागची चाकं काढून, खालून बदलायचे. वॉटर पंप आणि त्याचा पट्टा सीटच्या पाठीमागचा पत्रा काढून. नेमाने गॅरेजमध्ये पाठवणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, वाटूही नये. माझा स्वभाव वेगळा आहे. जुन्या यंत्राची काळजी मी डोळ्यांनी आणि नाकाने घेतो. कुठे ओलं दिसतंय, कुठे रबराला चिरा पडल्यात, कुठून गोडसर वास येतोय, हे सहज नजरेला पडलं तरच मी त्याच्या मागे लागतो. जे पाहायला पाऊण तास लागतो ते मी दर पंधरा दिवसांनी पाहणार नाही, तीन महिन्यांनी पाहीन, मग सहा. आणि पंचवीस वर्षांच्या गाडीत सहा महिने हा फार मोठा काळ आहे.

मी एनबी घेतली. २००० ची, १.८ लिटरची, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद होता. तो साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरून चालावं. बॉनेट उचललं की सगळं समोर असतं. चारही प्लग वरून, दहा मिनिटांत निघतात. इंजिनाच्या दोन्ही अंगांना हात घालायला जागा आहे, पाना पडला तर तो कुठे पडला ते दिसतं. मागच्या महिन्यात सकाळी सहज बॉनेट उघडलं तर खालच्या रेडिएटर नळीच्या क्लिपभोवती पांढरट-हिरवी पापुद्र्यासारखी कड दिसली, नखाने खरवडली तर मिठासारखी भुरभुरली. वाळलेलं कूलंट होतं ते. जमिनीवर थेंब नाही, तापमानाचा काटा जागेवर, वाससुद्धा नाही. वयाने कडक झालेलं रबर, दुसरं काही नाही. त्याच दुपारी नळी बदलली. चार महिने कुणाच्या नजरेस पडलं नसतं तर कुठल्यातरी घाटात ती फाटली असती.

एवढं सांगूनही, प्रत्येकाने हेच करावं असं मी म्हणणार नाही. तुमच्या ओळखीत या इंजिनांवर हात बसलेला मेकॅनिक असेल, तुम्ही लांबचे प्रवास करणार असाल, उंचीने जास्त असाल, तर बॉक्स्टरच घ्या आणि मनसोक्त चालवा. फक्त पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड ठेवायला सांगा. गेल्यावर आधी मागच्या धुराच्या नळीला हात लावून ते थंडच आहे याची खात्री करा, मग स्टार्टर मारायला सांगून मागे उभे राहा. पहिल्या स्टार्टला पांढऱ्या धुराचा मोठा लोट आला आणि येतच राहिला, तर ऑइल वेगळं करणारा सेपरेटर गेलेला असू शकतो. तो स्वतः फार महाग नाही, पण तो त्याच झाकलेल्या इंजिनावर बसवलेला आहे, आणि तिथे पोचायला काय करावं लागतं ते वर लिहिलंच आहे. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारा. आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात आणि तिथे साचलेला कुजका पाला त्यांना खातो. २००२ पर्यंतच्या गाड्यांना मागची काच प्लास्टिकची आहे, घडीच्या रेषेवर ती तडकली आहे का ते पाहा. एनबीला त्या जागी खरी काच आहे, गरम तारांसकट. रोजच्या वापरात हा फरक वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

एमएक्स-५ पाहायला जाणार असाल तर जुने कपडे घाला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. आठ-दहा वर्षांचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदलायचेच, तो खर्च किमतीतून वजा करा. डिकीतली बॅटरी उचलून तिच्याखालचा पत्रा बघा. गिअरच्या दांड्याभोवतीचं कातडं वर ओढा. खालचं रबर फाटलेलं असेल तर बोटाला गरम हवा लागेल, ते बदलणं सोपं आहे आणि बदलल्यावर गिअर पुन्हा नव्यासारखे पडतात. मग गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर दुसरी शोधा, या गाड्या बाजारात भरपूर आहेत. तो हो म्हणाला तर पुढच्या दोन्ही रेलवर, टोकापासून मागेपर्यंत, ठोकत ठोकत जा आणि आवाज ऐका.