'सिव्हिल वॉर': पटण्याजोग्या दोन बाजूंची लढाई

महानायकांच्या संघाच्या लेगॉसमधील एका कारवाईत अतिमानवी शक्ती असलेली वांडा भर बाजारातला स्फोट वर उचलून धरते, पण तो शेजारच्या इमारतीला भिडतो आणि मदतकार्यासाठी आलेले वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचे नागरिक प्राणास मुकतात. अ‍ॅव्हेंजर्सना संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अधीन ठेवणारा, ११७ देशांनी मान्य केलेला 'सोकोव्हिया करार' त्यानंतर सहीसाठी पुढे येतो आणि संघात उभी फूट पडते. अँथनी आणि जो रुसो या बंधूंच्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' (२०१६) या चित्रपटाचे मोठे यश असे की, ही फूट ओढूनताणून पाडलेली वाटत नाही.

आयुष्यभर स्वतःच्या मर्जीने वागलेला टोनी स्टार्क (आयर्न मॅन) नियंत्रण मागतो आणि हाडाचा सैनिक असलेला स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) सही नाकारतो. सोकोव्हिया या देशातील संघाच्या आधीच्या लढाईत मुलगा गमावलेली एक आई टोनीला एकटे गाठून जाब विचारते, तेव्हा नेहमी तोंडाळ असलेल्या या माणसाला उत्तर सुचत नाही. उलट, ज्या संस्थेसाठी आपण लढलो तिच्यातच हायड्रा ही शत्रुसंघटना मुरलेली होती, हे स्टीव्हने याआधीच अनुभवलेले आहे. त्यामुळे टेबलाभोवती बसून झालेला वाद मला हाणामारीइतकाच रंगतदार वाटला.

लाइपझिगच्या विमानतळावर सहा विरुद्ध सहा अशी झुंज होते. टॉम हॉलंडचा स्पायडर-मॅन इथे धमाल आणतो, परंतु विनोदांची इतकी रेलचेल आहे की, हे मित्र एकमेकांवर हात उचलत आहेत याचा काही काळ विसर पडतो. टोनीच्या बाजूच्या व्हिजनचा नेम चुकून टोनीचाच मित्र रोड्स आकाशातून कोसळतो, तेव्हा कुठे चित्रपट भानावर येतो.

डॅनियल ब्रूलचा झेमो मात्र पहिल्यापासून भानावर आहे. कुठलीही अतिमानवी शक्ती नसलेला, सोकोव्हियात आपले कुटुंब गमावलेला हा माणूस १६ डिसेंबर १९९१ या तारखेची एक चित्रफीत टोनीसमोर लावतो आणि करार बाजूला पडून, स्टीव्हचा जुना मित्र बकी याच्या हातून झालेल्या टोनीच्या आईवडिलांच्या खुनाचा हिशेब सुरू होतो. सैबेरियातील ती मारामारी पाहताना मला कोणाचाही विजय नको होता. त्याच वेळी बाहेर बर्फात, वडिलांच्या मारेकऱ्यासमोर, म्हणजे झेमोसमोर, उभा असलेला वाकांडाचा टचाला सूड नाकारतो. चॅडविक बोसमन यांनी हा प्रसंग इतक्या संयमाने केला आहे की, संपूर्ण चित्रपटातला सर्वांत मोठा निर्णय तिथे, जवळजवळ कुजबुजीत, घेतला जातो.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. शक्तिमान माणसांवर अंकुश कोणाचा असावा, हा पूर्वार्धात पोटतिडकीने मांडलेला प्रश्न शेवटी वाऱ्यावर सोडलेला आहे. 'राफ्ट' या तुरुंगात वांडाला बांधून ठेवलेले दिसते, मात्र त्यावर एका नजरेपलीकडे कोणी काही बोलत नाही. सुमारे अडीच तासांच्या चित्रपटात त्याला जागा मिळायला हवी होती.

पाहण्यापूर्वी 'द विंटर सोल्जर' आणि 'एज ऑफ अल्ट्रॉन' हे दोन चित्रपट अवश्य पाहावेत. त्यांच्याशिवाय स्टीव्ह आणि बकी यांची मैत्री, तसेच टोनीचा अपराधभाव पुरेसा पोहोचणार नाही.