दहा महिने चिखल वाचल्यावर: 'भूदृश्य आणि पर्यावरण' या पेपरचा अनुभव

माझी नोकरी माती तपासणाऱ्या कंपनीत आहे. टॉवर उभा राहण्याआधी प्लॉटवर रिग लागते, बोअर मारतात, नमुने कोअर बॉक्समधून ऑफिसात येतात आणि मी बोअर लॉग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं याची नोंद, भरते. वर भराव, त्याखाली काळी सागरी चिकणमाती, शिंपल्यांचे तुकडे, मग मुरूम, मग कातळ. बारा वर्षं हेच. त्यामुळे नोकरी सांभाळून पुरातत्त्वाच्या एम.ए.ला नाव घातलं आणि हा पेपर निवडला, तेव्हा 'आपल्याला काय, सोपाच जाईल' असा माज होता. एक सत्र पेपर, मग त्याच विषयावरचा प्रकल्प, असे दहा महिने झाले. माज उतरला.

खोदायला मिळेल म्हणून कुणी येणार असेल तर येऊ नका. दहा महिन्यांत मी एकदाही खुरपी धरली नाही. इथे दोन स्थळांच्या मधली जागा बघायची असते: पाणी कुठून यायचं, सरपण कुठून, माणसं कोणत्या वाटेने जायची, भरती कुठपर्यंत चढायची.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना मी शाळेपासून जातेय. चैत्यगृहासमोर फोटो, मीठ लावलेली काकडी, माकडांपासून पिशवी सांभाळणं आणि परत. या वेळी आम्हाला सांगितलं, आज मूर्ती बघायच्या नाहीत, फक्त पाणी बघा. अर्धा दिवस आम्ही लेण्यांच्या डोक्यावरच्या उघड्या कातळावर फिरलो. कातळात बोट-दोन बोटं खोल पन्हळी कोरल्यात. त्या बोटाने चाचपत खाली गेलं की लेण्याच्या दाराशेजारच्या टाक्यापाशी पोचतो. शंभराहून जास्त लेणी आणि बहुतेकांना आपापलं टाकं. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान म्हणून लेण्यासोबत 'पोढी' येते, ती हीच. पावसाळ्याचं पाणी धरून उरलेले आठ महिने काढण्याची ही सोय दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि आमच्या सोसायटीत रेन वॉटर हार्वेस्टिंगवरून अजून भांडणं चालू आहेत.

वर्गातला सगळ्यात चांगला भाग इनामगावचा. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 असं केलं. इसवी सनपूर्व 1000च्या सुमारास पाऊस कमी होत गेला, शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे वळले, असं तिथे खोदणारे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचं म्हणणं. सरांनी आम्हाला दोन गटांत बसवून त्यावर भांडायला लावलं. घरांचा आकार लहान होत जातो, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, हे दिसतं. पण त्याचं खापर एकट्या पावसावर फोडायचं का? मी पावसाच्या बाजूने होते आणि हरले.

प्रकल्पासाठी मी बोरिवलीतल्या एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, घेतले. सहा उंच दगड, त्यांतल्या काहींवर वल्हवलेल्या जहाजांच्या रांगा, चक्क समुद्रावरची लढाई. कोकणचे शिलाहार आणि देवगिरीचे यादव यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी त्यांचा संबंध लावतात. आज भोवती इमारती आहेत, उभं राहून बघितलं तर समुद्राचा मागमूस नाही.

काम सोपं वाटलं होतं. व्हिटा-फिन्झी आणि हिग्ज यांनी 1970मध्ये मांडलेली पद्धत आहे: शेती करणारा माणूस घरापासून साधारण एक तास चालेल तेवढ्या परिघातली जमीन वापरतो, शिकार करणारा दोन तासांच्या. मी कंपासने पाच किलोमीटरचं वर्तुळ मारलं. पूर्वेला उद्यानाचं जंगल आलं, पश्चिमेला गोराईची खाडी आणि खारफुटी. आता खाडीत कोण चालणार? तिथे होडी हवी, आणि होडी भरती-ओहोटीच्या वेळेवर. सरांनी वर्तुळ बघून एवढंच विचारलं, "ओहोटीला किती वाजता निघालात?" तीन आठवडे गेले ते वर्तुळ फाडण्यात.

त्यात संगणक. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला बरं आहे, पण चार जीबी रॅमचा लॅपटॉप दर पंधरा मिनिटांनी मान टाकतो. उंचीसाठी एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारने दर 30 मीटरवर मोजलेल्या उंचीचा डेटा वापरायला सांगतात. गावाकडे ठीक, मुंबईत तो इमारतींची उंचीही जमिनीच्या हिशोबात धरतो. माझ्या नकाशात रेल्वेलाइनीच्या दोन्ही बाजूंना अशा टेकड्या उगवल्या की शिलाहारांनी बघितल्या असत्या तर किल्ले बांधले असते.

पायी सर्वेक्षण म्हणजे दहा-दहा मीटर अंतर ठेवून रांगेत चालायचं आणि खाली बघत जायचं. परवानगीचे कागद कुठे अडकले कोण जाणे, ठरलेल्या सहा दिवसांचे दोनच झाले. त्या दोन दिवसांत मी पिशवीभर खापरं गोळा केली. अभिमानाने मांडली तर निम्मी मंगलोरी कौलांची निघाली, काही कुंड्यांची.

तक्रार आणखी दोन गोष्टींची आहे. वाचायचं बहुतेक साहित्य इंग्लंडमधलं. गव्हाच्या उभ्या पिकात विमानातून दिसणाऱ्या जुन्या भिंतींच्या खुणा, हेजरो म्हणजे शेतांभोवतीची झुडपांची कुंपणं वगैरे. आमच्याकडे पीक कुठलं? आमचा पुरावा पायधुणी आणि उंबरखाडी या नावांत आहे, भरावाखाली आहे, आणि तो कसा वाचायचा यावर एकच तास झाला. दुसरं, जुन्या मातीतल्या परागकणांवरून तेव्हाची झाडं ओळखतात, ती प्रयोगशाळा फक्त स्लाइडवर पाहिली.

तरीही पेपर घ्या म्हणेन, ज्याला चालायची आणि नकाशे बघत बसायची आवड आहे त्याने नक्की. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. किनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला. हे वर्गात ऐकलं त्या शनिवारी मला घाम फुटला. समुद्र परत चढत आला त्याची नोंद ज्या काळ्या चिखलात राहिली, तो मी बारा वर्षं 'सागरी चिकणमाती, मऊ' एवढं लिहून टाकून देत होते. रिपोर्ट गेला की नमुने फेकायचे, ही रीतच.

गेल्या महिन्यात वडाळ्याच्या साइटवर ड्रिलरने नेहमीप्रमाणे विचारलं, "मॅडम, हे टाकू ना?" मी साहेबांना विचारून अकरा पिशव्या घरी आणल्या, खोली लिहून बाल्कनीत ओळीने लावल्या. दोन दिवस माहेरी गेले, तेवढ्यात सासूबाईंनी साडेसात मीटरवाल्या पिशवीत कढीपत्त्याचं रोप लावलं. आठवड्यात वाळलं. त्या म्हणतात माती निकस आहे. खारी आहे हो आई, म्हटलं, आणि लॉगमध्ये तशी नोंद केली.