शांघायमधील दोन समुपदेशन केंद्रे : एक सोडलेले, एक पूर्ण केलेले

शांघायमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी मला एक प्रश्न विचारला आहे : मन थाऱ्यावर नसेल तर इथल्या चिनी समुपदेशकाकडे जावे का, आणि गेलो तर आपले घर, आपले आईवडील, आपले सणवार त्याला कितपत कळतील? मी २०२३ साली अशा दोन खासगी केंद्रांचा अनुभव घेतला. पहिल्याविषयी माझी तक्रार आहे आणि दुसऱ्या केंद्रातल्या बाईंनी आपले नाव कुठे छापू नये अशी विनंती केली आहे, म्हणून दोन्ही नावे इथे देत नाही. मात्र उपचारपद्धती कशी निवडली गेली आणि ती माझ्या गरजेप्रमाणे कशी बदलली गेली, हे सविस्तर सांगते, कारण दोन केंद्रांत खरा फरक तेवढाच होता.

माझे वडील एप्रिल २०२२ मध्ये मिरजेला वारले. शांघाय तेव्हा कोविडमुळे पूर्ण बंद होते, मी घराच्या दाराबाहेर पडू शकत नव्हते, आणि अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. सीमा खुल्या झाल्यावर २०२३ च्या सुरुवातीला घरी जाऊन आले, पण परतल्यापासून झोप उडाली आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटू लागले. नऊ वर्षांच्या नोकरीमुळे माझी चिनी भाषा कामापुरती चांगली आहे, तेव्हा भाषेची अडचण नव्हती.

पहिल्या केंद्रात दहा बैठकींचे पैसे आगाऊ घेतले गेले. पहिल्याच दिवशी एका सुंदर कागदावर छापलेली बत्तीस चिनी अक्षरे माझ्या हाती ठेवली आणि ती रोज सकाळी वाचून त्यांवर मनन करायला सांगितले. मी वडिलांविषयी बोलू लागले की समुपदेशक 'श्यांग खाय त्येन' म्हणत. मन जरा मोकळे करा, फार धरून बसू नका, असा त्याचा अर्थ. चीनमध्ये शेजारीपाजारी, सहकारी, आई, सारेच हे वाक्य म्हणतात. ते ऐकायला पैसे मोजून जाण्याची गरज नव्हती. तिसऱ्या बैठकीनंतर मी जाणे सोडले. उरलेल्या सात बैठकींचे पैसे परत मिळाले नाहीत.

त्या कागदामागची पद्धत मात्र टाकाऊ नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ताओवादी बोधात्मक उपचारपद्धती, म्हणजे चीनच्या प्राचीन ताओ विचाराच्या आधारे रुग्णाची विचार करण्याची रीत बदलू पाहणारा उपचार, ही हूनान प्रांतातल्या छांगशा शहरात यांग दसेन आणि झांग यालिन या मनोविकारतज्ज्ञांनी घडवली. तिचे पाच टप्पे आहेत : रुग्णावरचे प्रत्यक्ष ताण मोजायचे, तो कशाला किती महत्त्व देतो याचा क्रम लावायचा, त्याच्या मनातला संघर्ष आणि त्याला तोंड देण्याची त्याची रीत तपासायची, मग ताओवादी तत्त्वांची ओळख करून द्यायची आणि शेवटी परिणाम पाहायचा. कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती ज्यांना मराठीतून ठाऊक आहे त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल, कारण मूळ साचा त्याच जातकुळीचा आहे. बत्तीस अक्षरे म्हणजे चार-चार अक्षरांची आठ वचने : लाभ करावा पण हानी नको, कर्म करावे पण चढाओढ नको, कुठे थांबायचे ते ओळखावे, मऊपणाने कठीण जिंकावे, अशी. पुरात झाडे जातात आणि लव्हाळी तगतात हे ज्याने लहानपणी ऐकले आहे त्याला यांतले मऊपणाचे वचन परके वाटणार नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सततच्या चिंतेने ग्रासलेल्या १४३ रुग्णांवर ही पद्धती पडताळली होती. औषधांचा गुण लवकर आला पण टिकला नाही. या पद्धतीचा गुण उशिरा आला, पण सहा महिन्यांनीही दिसला. तेव्हा दोष वचनांचा नव्हता. वचने चौथ्या टप्प्यावर यायची असतात; माझ्या हाती ती पहिल्याच तासाला आली, आणि आधीचे तीन टप्पे कुणी चढलेच नाही. शिवाय माझे दुःख हाव किंवा चढाओढीतून आलेले नव्हते. वडिलांच्या शेवटच्या क्षणी जवळ नसलेल्या मुलीला 'कमी इच्छा धरा' हे सांगणे मला आजही क्रूर वाटते.

दुसरे केंद्र शोधताना मी सावध झाले होते. चीनमध्ये समुपदेशकाचे सरकारी प्रमाणपत्र २००२ पासून परीक्षेने मिळत असे आणि २०१७ मध्ये ती परीक्षा बंद झाली. तोवर दहा लाखांहून अधिक लोकांनी ते मिळवले होते. त्यांतल्या कित्येकांनी प्रत्यक्ष माणूस समोर बसवून कधी काम केलेले नाही. म्हणून भिंतीवरचे प्रमाणपत्र न पाहता तीन गोष्टी विचाराव्यात : प्रशिक्षण किती वर्षे आणि कुणाकडे झाले, आजही कुणा ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम चालते का, आणि आपल्याला काय जमत नाही. तिसऱ्या प्रश्नाला चटकन उत्तर देणारी व्यक्ती मला या एकाच केंद्रात भेटली. बाई म्हणाल्या, 'निदान करणे आणि औषध देणे माझे काम नाही. झोपेसाठी तुम्ही आधी रुग्णालयात जाऊन या, मग आपण बोलू.' १ मे २०१३ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने समुपदेशकाला हेच बंधन घातले आहे : मानसोपचार वैद्यकीय संस्थेतच व्हायला हवेत. हे बंधन मोडणारी मंडळी पुष्कळ आहेत. ते आहे असे स्वतःहून सांगणारी कमी.

त्यामुळे मी वानपिंग दक्षिण मार्गावरच्या ६०० क्रमांकाच्या शांघाय मानसिक आरोग्य केंद्रात गेले. 'सहाशे नंबर' हा इथे कुणाला वेडा ठरवण्यासाठी वापरायचा शब्द होता. २०२१ साली त्याच रुग्णालयाच्या उपाहारगृहातल्या मूनकेकसाठी, म्हणजे शरद पौर्णिमेच्या चिनी सणाच्या मिठाईसाठी, शहरभर धडपड सुरू झाली आणि त्या आकड्याची बोच बरीच कमी झाली. मला थोड्या दिवसांची झोपेची गोळी मिळाली, आणि ९ ऑगस्टपासून दर बुधवारी बैठका सुरू झाल्या.

खोली लहान, दोन खुर्च्या, कोमट पाण्याचा थर्मास आणि झाकणाचे कप. बाई मूळच्या शान्दोंग प्रांतातल्या, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे 'लाओशी', म्हणजे गुरुजनांना म्हणतात तसे, म्हणत असे. त्या मला 'निन' म्हणत, म्हणजे अहोजाहो. तिसऱ्या बैठकीत विचारून घेऊन त्या 'नी'वर आल्या. मराठी माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. मी नंतर याविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की परदेशी पुस्तकांत समुपदेशक आणि समोरची व्यक्ती समान पातळीवर असतात, पण इथे येणारा माणूस गुरूकडे येतो आणि काहीतरी मार्गदर्शन मिळावे अशी त्याची अपेक्षा असते. ती पहिल्याच दिवशी मोडली तर तो पुन्हा येत नाही. म्हणून सुरुवातीच्या बैठकींत त्या थोडे ठोस काही देतात, अगदी लिहून देतात, आणि हळूहळू निर्णय समोरच्याच्या हाती सोपवत जातात.

पहिल्या दोन बैठकींत त्यांनी वडिलांविषयी फारसे विचारलेच नाही. छातीवरचा पाटा नेमका कुठे आहे, तो कधी जड होतो, जेवणानंतर की फोन ठेवल्यावर, हेच विचारले. मला आधी वाटले, वेळ वाया चालला आहे. नंतर कारण कळले. चीनमध्ये मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगण्याची जुनी सवय आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० साली छांगशामध्ये 'शेनचिंग श्वायरुओ', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतले ८७ नैराश्याच्या निकषांत बसले. पण ते आले होते डोकेदुखी, अशक्तपणा आणि निद्रानाश घेऊन. शरीराची तक्रार म्हणजे मनाचे पांघरूण, असे म्हणून ते ओढून काढायचे नाही, त्याच दाराने आत जायचे, असे बाईंचे मत होते. आमच्या घरीही 'मन उदास आहे' असे कुणी म्हणत नसे, 'जीव घाबरा होतो' म्हणत. त्यामुळे त्यांची ही निवड मला चिनी असूनही आपली वाटली.

मग आले घरच्यांविषयीचे प्रश्न. 'तुमचा भाऊ इथे बसला असता तर तुमच्या झोपेविषयी काय म्हणाला असता? आई काय म्हणाली असती? त्या दोघांपैकी कुणाला तुमची जास्त काळजी वाटते, असे तुमच्या नवऱ्याला वाटते?' ही सगळ्या कुटुंबाला एक व्यवस्था मानणाऱ्या कुटुंबोपचारातली वर्तुळाकार प्रश्नांची रीत, म्हणजे एकाविषयी दुसऱ्याच्या नजरेतून विचारणे. ती चीनमध्ये जर्मनीतून आली : १९८८ साली खुनमिंग इथे जर्मन आणि चिनी तज्ज्ञांची पहिली मोठी प्रशिक्षण सभा झाली आणि १९९७ पासून मनोविश्लेषण, वर्तनोपचार व कुटुंबोपचार अशा तीन शाखांचे नियमित प्रशिक्षण सुरू झाले. चिनी समुपदेशक आजही त्याला 'जर्मन वर्ग' म्हणून आदराने ओळखतात. बाईंनी त्या परंपरेतल्या शिक्षकांकडे कुटुंबोपचार शिकला होता. 'तुम्हाला काय वाटते' असे थेट विचारल्यावर जो माणूस गप्प होतो, तो दुसऱ्याच्या तोंडून स्वतःविषयी तासभर बोलतो, असा त्यांचा अनुभव. माझ्याबाबतीत तरी तो शब्दशः खरा ठरला. भावाने मला मनातल्या मनात दोष दिला असेल, ही माझी दीड वर्षाची समजूत या प्रश्नांतूनच पहिल्यांदा माझ्या कानांवर पडली.

चौथ्या बैठकीत एक पद्धत फसली, आणि केंद्राविषयी माझे मत तिथेच पक्के झाले. बाईंनी रिकामी खुर्ची समोर ठेवली आणि वडील त्यावर बसले आहेत असे मानून त्यांना जे सांगायचे राहिले ते सांगायला सुचवले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. वडिलांना समोर बसवून, त्यांच्या डोळ्यांत पाहून, माझी तक्रार मांडणे मला जमणारे नव्हते. ते हयात असताना कधी जमले नव्हते. बाईंनी दोन मिनिटे वाट पाहिली, उठून खुर्ची भिंतीकडे वळवली आणि म्हणाल्या, 'ही माझी चूक. आपल्याकडे वडिलांशी असे बोलत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवे होते.' चिनी भाषेतला 'शियाओ', म्हणजे आईवडिलांविषयीचे कर्तव्य आणि आदर, हा शब्द त्यांनी तेव्हा वापरला. खुर्चीऐवजी त्यांनी दर बैठकीनंतर घरी जाऊन लिहायला सांगितले : आज काय उमगले, काय पटले नाही. फ्रॉइडच्या विचारांना चिनी रूप देणारे बीजिंगचे झोंग योउबिन आपल्या रुग्णांकडून असेच लिहून घेत, आणि नातेवाइकालाही सोबत बसू देत. उपचारात 'गृहपाठ' हा शब्द काही ठिकाणी टोचत असेल. इथे शाळेपासून वहीची सवय असल्याने तो सहज स्वीकारला जातो, आणि मलाही सोपा गेला.

त्याच संध्याकाळी, ३० ऑगस्टला, मी बाहेर पडले तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर एक आजोबा खडूने वर्तुळ काढून त्यात पिवळा कागद जाळत होते. सातव्या चांद्रमासाची पौर्णिमा होती, पितरांची. आपल्याकडे त्या दिवशी नारळी पौर्णिमा. पुढच्या बुधवारी मी हे सांगितले. शोकातल्या लोकांना पत्र लिहून ते अशा वेळी जाळायला सुचवण्याची रीत आहे हे मला वाचून माहीत होते, आणि आता तेच येणार असे मी गृहीत धरले होते. बाईंनी तसे केले नाही. त्यांनी वही मिटली आणि विचारले, 'तुमच्याकडे काय करतात?' मी पितृपंधरवडा, तर्पण, वाढलेले पान, आमसुलाची चटणी, हे सगळे जवळजवळ पाऊण तास सांगत होते. त्यांनी एकही गोष्ट चिनी सणाशी जुळवून दाखवली नाही. शेवटी एवढेच विचारले की यांतले मुलीने दूर देशी काय करावे आणि काय करू नये, हे कुणाला विचारता येईल. भावाला विचारता येईल, असे मी म्हटले, आणि म्हणताच छातीवरचे काहीतरी हलले.

त्रुटी आहेत. खोलीची भिंत पातळ आहे, शेजारच्या खोलीतले रडणे ऐकू येते. संमतिपत्र फक्त चिनी भाषेत आहे आणि नोंदी किती वर्षे ठेवतात हे त्यात स्पष्ट नाही. पन्नास मिनिटांचे ६०० युआन कुणालाही हलके नाहीत. चिनी भाषा बेताची असलेल्याने इथे जाऊ नये, कारण दुभाषा चालत नाही. तातडीची वेळ असेल तर कोणत्याही खासगी केंद्राची वाट न पाहता १२३५६ या देशभरच्या मदतक्रमांकावर फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे.

१४ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती. सकाळी भावाने मिरजेहून फोन लावला, त्याच्या हातातल्या पळीतून पाणी पडत होते आणि मी इथे पान वाढत होते. मी त्याला विचारले, तुला राग होता का माझा. तो म्हणाला, 'ताई, मी तर तुला फोन धरून ठेवायला सांगितला म्हणून स्वतःलाच दोष देत होतो.' १८ तारखेच्या बैठकीत मी हे वहीतून वाचून दाखवले. बाईंनी कपात पाणी ओतले, पुढची वेळ लिहायची वही उघडली, आणि मग न लिहिताच मिटून ठेवली.