फुकटच्या झोपडीचं भाडं, जुन्या तड्याची भरपाई

गेल्या जानेवारीत नाशिकहून दादा-वहिनी आमच्याकडे आले. आम्ही फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत राहतो. दादाचं एकच मागणं होतं: पर्यटकांची तासाभराची चक्कर नको, स्नोमोबाईलवरून, म्हणजे बर्फावर स्की आणि पट्ट्यावर धावणाऱ्या गाडीवरून लांब जायचं, जिथे दिवसभर माणूस दिसत नाही अशा ठिकाणी. फिनलंडच्या उत्तर टोकाला, लॅपलंडमध्ये अशा सफरी होतात. आम्ही निवडलेली सफर 4 दिवसांची होती. इव्हालो गावाहून निघायचं, इनारी सरोवर ओलांडून उत्तरेला सेवेत्तियार्वीपर्यंत जायचं आणि पूर्वेकडून नेल्लिममार्गे परत यायचं. माणशी 1,390 युरो. वाटाड्या, वाटेतल्या लाकडी घरांत मुक्काम, जेवण आणि विमा, सगळं धरून.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण या हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्यांना हे आधी कळायला हवं.

निम्मे पैसे आगाऊ मागितले आणि तेही बँक ट्रान्सफरनेच. फिनिश खात्याचा क्रमांक ‘एफआय’ या अक्षरांनी सुरू होतो, हा होत नव्हता. मी विचारलं, तर उत्तर आलं की मुख्य कार्यालय दुसऱ्या देशात आहे. मी पैसे भरले. खरं तर त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहायला हवी होती. मुक्काम आणि सफर एकत्र विकली की कायद्याने ते ‘पॅकेज’ ठरतं. असं पॅकेज विकणाऱ्याने कंपनी बुडाली तर ग्राहकाचे पैसे परत मिळतील अशी हमी ठेवावी लागते आणि अधिकृत नोंदवहीत नाव घालावं लागतं. ती नोंद तपासायला पाच मिनिटं लागतात. मी ती तपासली परत आल्यावर, आणि हे नाव त्यात नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी आठला मिट्ट काळोख होता आणि उणे 31 अंश. गाड्या उघड्यावर उभ्या, अंगभर बर्फ साचलेला. दादाचा फोन खिशातून बाहेर काढताच दोन मिनिटांत बंद पडला. एवढ्या थंडीत बॅटरी टिकत नाही. वाटाड्याने टॅब्लेट पुढे केला: ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ असा फिनिश मजकूर आणि खाली सहीची जागा. बाजूला इंजिनं सुरू, वहिनी गारठून थरथरत होत्या. आम्ही सही केली. उरलेले पैसे क्रेडिट कार्डावर घेतले आणि शिवाय दर गाडीमागे 1,500 युरोंची अनामत अडकवली. वाहन परवाना कुणी मागितला नाही. इथे अधिकृत मार्गांवर स्नोमोबाईल चालवायला परवाना लागतो आणि नीट काम करणारे लोक तो पाहिल्याशिवाय किल्ली देत नाहीत. हे माहीत असूनही मला त्या क्षणी ते खटकलं नाही, याचा राग आजही जात नाही.

‘विमा समाविष्ट’ या शब्दांचा अर्थही तेव्हा नीट समजून घेतला नव्हता. फिनलंडमध्ये प्रत्येक स्नोमोबाईलला सक्तीचा वाहतूक विमा असतोच. तो माणसांच्या इजेची आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देतो. तुम्ही चालवत असलेल्या गाडीला काही झालं तर तो कामाचा नाही. ते नुकसान ठरावीक रकमेपर्यंत चालवणाऱ्याने भरायचं, ही अट चांगल्या कंपन्यांतही असते आणि तिच्यात गैर काही नाही. गैर पुढे घडलं.

पहिला दिवस सुंदर गेला, हे सांगितलंच पाहिजे. इनारी सरोवर 1,000 चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यात 3,000 च्या वर बेटं आहेत. सूर्य क्षितिजावर थोडाच वेळ टेकला, तेवढ्यात सगळा बर्फ गुलाबी झाला. दादा हेल्मेटच्या आत मोठ्याने गात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची गाडी रुतली. ताज्या बर्फाच्या वजनाने सरोवरावरचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि बर्फाखाली लपून राहतं. वरून पांढरं शुभ्र मैदान, आत गुडघाभर चिखलासारखा ओला बर्फ. गाडीचा पट्टा त्यात फिरत राहतो आणि थांबलात की गोठून बसतो. अनुभवी वाटाडे अशा जागा ओळखतात आणि टाळतात. आमचा वाटाडा खुणांचे खांब सोडून जवळच्या वाटेने निघाला होता. बाहेर पडायला तीन तास गेले. त्यानंतर तो म्हणाला, ‘हवामान बिघडलंय, सेवेत्तियार्वी रद्द.’ आकाशात चांदण्या स्वच्छ दिसत होत्या.

त्या रात्री आणि पुढच्याही रात्री त्याने आम्हाला एका बेटावरच्या लहानशा झोपडीत ठेवलं. फळ्यांचा एक लांब ओटा, लाकडाची शेगडी, भिंतीला टांगलेली करवत. ‘हाच तुमचा मुक्काम,’ तो म्हणाला. रात्री नऊच्या सुमारास दार उघडलं आणि स्कीवरून आलेले एक वृद्ध गृहस्थ आत आले, भुवयांवर बर्फ गोठलेला. वाटाडा त्यांना फिनिशमध्ये जागा नाही म्हणाला. आजोबा शांतपणे बॅग उतरवत राहिले. माझ्या नवऱ्याला फिनिश बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला समजलं.

ती ‘आउतिओतुपा’ होती. वनखात्याची, कुलूप नसलेली, रानातून जाणाऱ्या कुणालाही फुकट आसरा देणारी झोपडी. अशा झोपडीत सगळ्यात उशिरा येणाऱ्याचा हक्क सगळ्यात मोठा, आधी आलेल्यांनी सरकून जागा द्यायची किंवा निघायचं. धंदेवाईक सफरीच्या ग्राहकांना तिथे रात्री ठेवायचंच नसतं. पैसे भरून आधी राखून ठेवायच्या झोपड्या वेगळ्या असतात, त्यांना ‘वाराउस्तुपा’ म्हणतात. आमच्याकडून मुक्कामाचे म्हणून पैसे घेतले होते आणि आम्हाला झोपवलं होतं वाटसरूंसाठी राखलेल्या ओट्यावर. दादा उठला, आपली जागा आजोबांना दिली आणि शेगडीपाशी बसून राहिला. आजोबांनी त्याला आपल्या थर्मासमधली कॉफी दिली. पंचवीस वर्षं एसटीत चालक असलेला माझा भाऊ त्या रात्री अवघडून गेला होता, आपण कुणाच्या तरी घरात घुसलोय असं त्याला वाटत राहिलं.

परतल्यावर चित्र पालटलं. निघायच्या सकाळी अंधारात उभ्या असलेल्या त्याच गाड्या आता दिव्यांनी उजळलेल्या गॅरेजमध्ये घेतल्या. बर्फ झटकून झाला, टॉर्च घेऊन माणूस वाकला. आमच्या गाडीच्या पोटाखालच्या प्लास्टिकला हातभर तडा आणि पुढच्या डाव्या स्कीचा दांडा वाकलेला. ‘गाडी सुस्थितीत घेतली, ही तुमची सही.’ 1,500 युरो कापले. आमचं विमान दोन तासांवर होतं, त्यामुळे वाद घालायलाही वेळ नव्हता.

पुरावा दादाच्या गाडीमुळे मिळाला. त्याच्या हेल्मेटवरचा कॅमेरा निघतानाच सुरू झाला होता आणि चौथ्याच मिनिटाला आमची गाडी त्याच्यासमोरच्या उंचवट्यावर चढताना दिसते. हेडलाइटच्या उजेडात तोच तडा आणि त्याला आवळलेले दोन काळे केबल टाय. मग नवरा रात्ररात्र लोकांनी टाकलेले सहलीचे फोटो चाळत बसला. डिसेंबरातल्या एका फोटोत एक अनोळखी कुटुंब गाडीवर बसलेलं आहे. नंबरप्लेट तीच, तडा तोच. त्या कुटुंबाला लिहिलं. त्यांनीही पैसे भरले होते.

फिनलंडमध्ये क्रेडिट कार्डाने घेतलेल्या सेवेत विक्रेत्याने करार मोडला, तर कार्ड देणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं. व्हिडिओ आणि फोटो जोडून अर्ज केला, सात आठवड्यांनी अनामत परत आली. बँक ट्रान्सफरने गेलेल्या 2,780 युरोंना ते संरक्षण नाही. त्यासाठी ग्राहक तक्रार मंडळाकडे अर्ज केला आहे. अर्जाला पैसे पडत नाहीत, पण निर्णयाला बराच वेळ लागतो आणि तो शिफारस म्हणूनच दिला जातो, विक्रेत्यावर बंधनकारक नसतो.

तिकडे निघालेल्यांनो, सही करायच्या आधी गाडीवरचा बर्फ स्वतःच्या हाताने झाडा. फोन आतल्या कपड्यात, अंगाशी धरून ठेवा आणि त्याच क्षणी बाहेर काढून गाडीचा पुढचा भाग, दोन्ही स्की, पोटाखालची बाजू आणि नंबरप्लेट एका सलग व्हिडिओत घ्या. मुक्कामाच्या प्रत्येक झोपडीचं नाव लेखी मागा आणि ती कोणत्या प्रकारची आहे ते वनखात्याच्या यादीत पाहा. घाई करणाऱ्याला दहा मिनिटं थांबवा, तोवर गारठलेल्यांना मोटारीत हीटर लावून बसवा.

दादा पुढच्या मार्चमध्ये पुन्हा यायचं म्हणतो. सेवेत्तियार्वी राहिलंय त्याचं. त्या आजोबांचा पत्ता आम्ही घेतला नाही, याची चुटपुट मात्र त्याला लागून राहिली आहे.