थ्रॉटल बॉडीपाशी कूलंट गळतंय: नळी, पॅकिंग की बायपास?

कूलंटची बाटली हळूहळू खाली जाते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. जुन्या पेट्रोल गाडीत असं होऊ लागलं की संशय आधी रेडिएटरवर, मग वॉटर पंपवर आणि शेवटी थेट हेड गॅस्केटवर जातो. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, कुणाला आठवत नाही. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत गरम कूलंटची एक बारीक वाट या भागातून काढलेली असते, कारण थंड आणि दमट हवेत आतल्या बटरफ्लाय झडपेवर बर्फ धरू शकतो. इथली गळती बेताची असते. गरम इंजिनवर पडलं की कूलंट तिथेच वाळतं आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची खपली राहते.

गॅरेजात यावर तीन उपाय ऐकायला मिळतात: नळ्या बदला, पॅकिंग (गॅस्केट) बदला किंवा दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून थ्रॉटल बॉडी त्या वाटेतून वगळा, म्हणजे बायपास. माझं ठाम मत असं की गळती नेमकी कुठून आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नये. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत (बहुतेक ०.९ किंवा १.१ बार) पंप मारायचा आणि टॉर्च घेऊन बघत राहायचं. ओल नळीच्या टोकाशी दिसते, थ्रॉटल बॉडी गरम ठेवणाऱ्या हीटरच्या प्लेटच्या सांध्यात दिसते किंवा आयडलच्या, म्हणजे पाय सोडल्यावर इंजिनची रेस सांभाळणाऱ्या, झडपेच्या बुडाशी. गॅरेजात टेस्टर नसेल तर दुसरं गॅरेज शोधा. अंदाजाने हेड उघडायला देणं फार महागात पडतं.

नळीचं टोक ओलं असेल तर फार विचार करायचं कारण नाही, नळी बदला. खर्च काही शे रुपयांचा. टोकापासून इंचभर कापून तीच नळी पुन्हा चढवतात, पण टोक कडक झालं असेल तर उरलेलं रबरही त्याच वयाचं असतं. कूलंटसाठी बनवलेलीच नळी घ्या. पेट्रोलची नळी दिसायला तशीच असते, पण तिचं रबर वेगळं असतं आणि सततच्या गरम कूलंटसाठी ते बनवलेलं नसतं. कंपनीचे स्प्रिंग क्लॅम्प चांगल्या स्थितीत असतील तर तेच परत लावा. रबर थोडं आकसलं तरी ते पकड धरून ठेवतात. स्क्रूचे क्लॅम्प एवढ्या बारीक नळीवर जास्त आवळले की रबर कापतात.

पॅकिंगचं काम थोडं मोठं आहे, आणि ते सगळ्या गाड्यांत शक्यही नसतं. हीटरची प्लेट वेगळी असून बोल्टने बसवलेली असेल तरच मध्ये गॅस्केट असतं. लँड रोव्हरची दुसऱ्या पिढीची डिस्कव्हरी (१९९८ ते २००४) हे याचं ठळक उदाहरण. तिच्या व्ही-८ इंजिनात थ्रॉटल बॉडीच्या खालच्या अंगाला ही प्लेट असते आणि तिचं गॅस्केट जाणं हा त्या गाडीचा जुना, माहितीतला आजार आहे. कूलंट इंजिनच्या पुढच्या भागावर ओघळतं आणि पाहणाऱ्याला दोष भलतीकडेच वाटतो. हे इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, जास्त तापणं त्याला अजिबात सोसत नाही. म्हणून गळती छोटी असली तरी पुढे ढकलू नये. गॅस्केट स्वस्त असतं, वेळ जातो तो थ्रॉटल बॉडी उतरवण्यात आणि दोन्ही पृष्ठभाग साफ करण्यात. पृष्ठभागावर पट्टी आडवी धरून बघा. प्लेट खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेली असेल तर नवं गॅस्केटही टिकणार नाही. गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापू देऊ नका, जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जाऊन ती बारीक वाट बुजवतं. आणि बोल्ट ॲल्युमिनियमात जात असतील तर एम-६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून आवळलं तर आटे जातात.

आता बायपास. अर्ध्या तासात होतो, म्हणून गॅरेजवाला बहुधा हाच सुचवतो. महाराष्ट्रातल्या हवेत तो चालतो का? बर्फाचा विचार केला तर चालतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीतल्या एखाद्या पहाटे दव गोठतं खरं, पण थ्रॉटलमध्ये बर्फ धरायला शून्याच्या आसपासच्या दमट हवेत लांबचा, एकसारख्या वेगाचा प्रवास लागतो. मात्र बर्फापलीकडे दोन गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्या सहसा कुणी तपासत नाही.

पहिली, आयडलची झडप. काही जुन्या इंजिनांत मेणाची झडप असते. कूलंट तापलं की मेण फुगतं, जादा हवेची वाट बंद होते आणि थंडपणी वाढलेली रेस खाली येते. नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिकमध्ये अशी झडप होती. तिचं कूलंट तोडलं तर तिला गरम झाल्याचं कळतच नाही, रेस चढलेलीच राहते आणि पेट्रोल वाया जातं. अशा गाडीत बायपास नकोच. पूर्ण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर रेस संगणक सांभाळतो, तिथे ही अडचण नाही.

दुसरी, सीएनजी. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने भरलेला गॅस रिड्यूसरमध्ये एकदम दाब उतरल्यामुळे गार पडतो, म्हणून रिड्यूसर गरम ठेवायला कूलंट लागतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ही जोडणी कधी हीटरच्या होजवरून, तर कधी थ्रॉटलच्याच नळीवरून घेतलेली असते. न बघता बायपास केला तर रिड्यूसर गारठतो आणि गाडी सीएनजीवर बंद पडू लागते. आधी नळी कुठून कुठे जाते ते बोट ठेवून पाहा.

बायपास करायचाच असेल तर दोन्ही नळ्या धातूच्या कडेदार जोडनळीने एकमेकींना जोडा. नळ्यांच्या तोंडात बोल्ट खुपसून क्लॅम्प लावायचा जुगाड मला मुळीच मान्य नाही. काही गाड्यांत यंत्रणेतली हवा याच वाटेने बाटलीकडे जाते. ती अडली तर हवा आत राहते आणि तापमानाचा काटा उड्या मारतो. बायपासने ताकद वाढते, हेही मनावर घेऊ नका. हवा थ्रॉटलमधून इतक्या झटकन जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही.

लेह, स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आणि शिकागो किंवा टोरांटोकडे राहणाऱ्यांनी मात्र बायपास करू नये. तिथे बर्फामुळे अर्धवट उघड्या अवस्थेत अडकलेली थ्रॉटलची झडप म्हणजे सरळ धोका आहे.

थ्रॉटल बॉडीलाच तडा असेल तर ती बदलण्यावाचून पर्याय नाही. नवीला अनेक हजार लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी मिळू शकते, पण ती घेताना कूलंटच्या वाटेत फुंकर मारून बघा आणि पार्ट नंबर जुळवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बदलल्यावर स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवून घ्यावं लागतं.

बाटलीत टाकायच्या लीक बंद करणाऱ्या पावडरी आणि द्रव यांच्या नादी लागू नका, ते केबिनच्या हीटरची जाळी बुजवतात. नुसतं नळाचं पाणी ओतत राहणंही तितकंच वाईट. त्यात गंज रोखणारं रसायन नसतं, आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं गेलं की पुढची गळती ठरलेलीच. काम कोणतंही करा, शेवटी हीटर पूर्ण चालू ठेवून यंत्रणेतली हवा काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असतानाच, बाटलीवरची पातळी पुन्हा बघा.