विद्यापीठाचं वसतिगृह की बाहेरची कॉट बेसिस खोली?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. करतेय. पहिलं वर्ष औंधला कॉट बेसिसवर (म्हणजे सामायिक खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन) काढलं, आता कॅम्पसमधल्या मुलींच्या वसतिगृहात आहे. नंबर लागला तर वसतिगृहच घ्या, असं मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते.

मुख्य कारण कॅम्पसमधलं जयकर ग्रंथालय. वाचून डोळे शिणले की उठायचं आणि वडापिंपळाच्या सावलीतून चालत खोलीवर यायचं. रिक्षा नको, विद्यापीठ चौकातली कोंडी नको. कॅम्पस चारशे एकरांहून मोठा आहे, सकाळी मोर ओरडतात! शिवाय रूममेट नांदेडची, इतिहासाची. तिच्याशी रात्री होणाऱ्या चर्चांमधून मी वर्गाइतकंच शिकते. मेसची भाजी ठीक, पोळ्या चांगल्या.

औंधला गरम पाणी सकाळी तासभरच. सोडताना मालकीणबाईंनी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापलं, पावतीही दिली नाही. बाहेर राहायचंच असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणारा भाडेकरार) नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. रात्रपाळीची नोकरी करून शिकणाऱ्यांना मात्र बाहेरचीच खोली सोयीची.