एमएसडब्ल्यूची दोन वर्षं: फील्डवर्कबद्दल माझा अनुभव

मी धाराशिव जिल्ह्यातली. पुण्यातल्या एका कॉलेजातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, केलं. प्रवेशाचे दिवस आले की गावाकडच्या मुली फोन करतात, "ताई, कोर्स कसा आहे?" मी आधी फील्डवर्कचं सांगते. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत जातात आणि खरा कोर्स तिथेच होतो. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवातच वस्तीच्या कामातून झाली. नागपाड्यात नेबरहुड हाऊस चालवणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत जी संस्था निघाली, तिलाच आज आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो.

वर्गात गटकार्य नीट शिकवलं. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले गटाच्या वाटचालीचे टप्पे पाठ झाले: गट जमतो, भांडतो, नियम बसवतो, कामाला लागतो. फळ्यावर ते एका रेषेत दिसतात. माझा किशोरींचा गट मात्र पहिल्या शनिवारी चौदा जणींचा होता आणि तिसऱ्या शनिवारी पाच जणींचा. समाजमंदिरात दुपारी चार वाजता मी आहाराचे चार्ट लावून बसायचे. शेवटी एकीने सांगितलं, सार्वजनिक संडासातला दिवा दोन महिने बंद आहे, अंधार पडला की आम्ही तिकडे जात नाही, म्हणून संध्याकाळी पाणीच पीत नाही. मी त्यांना पालेभाज्या सांगत होते आणि त्या पाणीसुद्धा पीत नव्हत्या. चार्ट गुंडाळले.

क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज कोण लिहिणार आणि घेऊन कोण जाणार, यावरून दोघी कडाडून भांडल्या. मी मध्ये पडून दोघींना कामं वाटून दिली आणि रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी अहवालात, हे मोठ्या समाधानाने लिहिलं. सुपरवायझर मॅडमनी लाल पेनने बाजूला लिहिलं, "हा निर्णय गटाने घेतला की तू?" त्या आठवड्याच्या आयसीत, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक चर्चेत, अर्धा तास फक्त या एका ओळीवर बोलणं झालं. पुढच्या शनिवारी मी वाटून दिलेली कामं मागे घेतली आणि दाराजवळ गप्प बसले. चाळीस मिनिटं भांडण चाललं. मग नववीतली एक मुलगी, जी तोवर कधी बोललीच नव्हती, म्हणाली, "मी लिहिते, पण खाली नावं सगळ्यांची." अर्ज तीनदा लिहिला. आयांनीही सह्या केल्या. सात आठवड्यांनी दिवा लागला.

मला विचाराल तर फीचे पैसे त्या लाल ओळीसाठी आहेत. तिच्याशिवाय मी अजूनही चार्ट लावत बसले असते.

दुसऱ्या वर्षी ते मिळालं नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे. एका सुपरवायझरकडे इतके विद्यार्थी होते की आयसी महिन्यातून एकदा व्हायची, रेकॉर्डिंगवर नुसती सही यायची. फील्डवर्कसाठी ज्या संस्थेत पाठवलं, त्या एजन्सीने सहा आठवडे आमच्याकडून सर्व्हेचे फॉर्म भरून घेतले. दारोदार फॉर्म भरणं म्हणजे समुदाय संघटन नव्हे. बायका विचारायच्या, "याचं पुढे काय होणार?" आमच्याकडे उत्तर नसायचं. पीएमपीचा पास, झेरॉक्स, चार्टपेपर, सगळा खर्च आपला, तोही धरून चला.

ग्रामीण शिबिर मात्र चुकवू नका. सात दिवस शाळेत मुक्काम. पहिल्या सकाळी देवळासमोर गावकऱ्यांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. देऊळ, पार, ग्रामपंचायत, सोसायटी, सगळं आलं. ओढ्यापलीकडची घरं आलीच नाहीत. कुणी मुद्दाम वगळली असं नाही, त्यांच्या लेखी गाव ओढ्याशीच संपत होतं. दुपारी आम्ही ओढ्यापलीकडे जाऊन तिथल्या बायकांकडून दुसरा नकाशा काढून घेतला. त्यांनी सुरुवात हातपंपापासून केली. संध्याकाळी दोन्ही नकाशे कागदावर उतरवून शेजारी शेजारी टांगले, तेव्हा सरपंच बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. जातीवरचं कुठलंही लेक्चर मला इतकं समजलं नव्हतं.

एक मोठी उणीव: गट सोडायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. टकमन यांनीही विसर्जनाचा पाचवा टप्पा १९७७ मध्ये जोडला. आमच्याकडे परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि फील्डवर्क संपलं. मुलींना सांगायला मला एकच शनिवार मिळाला. त्या नववीतल्या मुलीने विचारलं, "पुढच्या वर्षीची ताई परत पहिल्यापासून सुरू करणार का?" निदान चार आठवडे आधी सांगायला हवं होतं.

पहिल्या वर्षाला पाचपैकी साडेचार, दुसऱ्याला दोन. प्रवेश घेण्याआधी माहितीपुस्तक बाजूला ठेवा, कॉलेजच्या कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलगी गाठा आणि विचारा, "गेल्या आठवड्यात तुझी आयसी झाली का? रेकॉर्डिंग दाखवशील?" पानाच्या कडेला काही लिहिलेलं आहे का, ते बघा.